ऑफर बदलते, पावती बदलत नाही

केबल टीव्हीच्या धंद्यातून ब्रॉडबँडमध्ये आलेल्या एका स्थानिक कंपनीचं वेबचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. परवाना सी कॅटेगरीचा, म्हणजे साधारण एका जिल्ह्याएवढ्या टापूत इंटरनेट सेवा देण्याचा. मालकांना लाइनमनपासून ग्राहकांपर्यंत सगळे दादाच म्हणतात. हिशेब बघणाऱ्या एक ताई, नेटवर्क सांभाळणारा एक मुलगा, जाहिराती आणि फेसबुक-इन्स्टाग्राम बघणारा दुसरा, फोनवर बसणाऱ्या दोघी आणि बाकी खांबाखांबावर चढणारी लाइनमन मंडळी, एवढा कारभार. या कंपनीची मुख्य वेबसाइट आणि ग्राहकांनी बिल भरायचं पोर्टल एकाच ठिकाणी नांदत होतं. २०२१ मध्ये आम्ही ती दोन्ही वेगळी केली. त्या कामाची ही हकिगत.

दोन्ही एकत्र असण्यामागे काही धोरण वगैरे नव्हतं. सुरुवातीला नुसती माहितीची साइट होती, वर्डप्रेसवर केलेली: प्लॅन, दर, ऑफिसचा पत्ता, फोन नंबर. मग ग्राहकांना बिल ऑनलाइन दिसावं असं ठरलं, तेव्हा त्याच होस्टिंगवर एक फोल्डर करून बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलं गेलं. डेटाबेसही नवा घेतला नाही. आहे त्यातच वेगळ्या नावाचे तक्ते वाढले. नंतर पेमेंट गेटवे आला, यूपीआय आलं, आणि एका टप्प्यावर कंपनीची बहुतेक वसुली त्या फोल्डरमधून होऊ लागली. धंदा वाढत गेला तशी खोलीला खोली जोडली गेली. छोट्या कंपन्यांची बहुतेक पोर्टलं अशीच जन्माला येतात.

वेगळं करायचा विचार पहिल्यांदा पक्का झाला तो २०२० च्या लॉकडाउनमध्ये. शाळा मोबाइलवर, नोकऱ्या घरी, त्यामुळे नव्या कनेक्शनची मागणी अचानक वाढलेली. जाहिरातीच्या मुलाने साइटला नवं रूप द्यायला घेतलं होतं. एका दुपारी थीमचं अपडेट चुकीचं बसलं आणि साइटच्या जागी पांढरं पान दिसू लागलं. होस्टिंगवाल्यांना फोन लावला. त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं: काल रात्रीचा बॅकअप आहे, टाकू का?

नुसती वेबसाइट असती तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण महिन्याचा पहिला आठवडा होता. पगार झालेले, सकाळपासून लोक बिलं भरत होते, आणि साइट पांढरी पडलेली असतानाही शेजारच्या फोल्डरमधलं पोर्टल व्यवस्थित चालू होतं. भरलेल्या पैशांच्या नोंदी त्याच डेटाबेसमध्ये पडत होत्या. बॅकअप टाकला असता तर वेबसाइट पाच-दहा मिनिटांत उभी राहिली असती, आणि सकाळपासून भरलेली सगळी बिलं न भरलेली झाली असती. पैसे बँकेत, पावती ग्राहकाच्या मोबाइलवर, आणि आमच्या दप्तरी काहीच नाही. शेवटी वेबसाइटच्या तेवढ्या फायली आणि तेवढेच तक्ते निवडून परत आणावे लागले. दुपार त्यात गेली. तोवर कनेक्शन घ्यायला साइटवर आलेल्या माणसांना पांढरं पान बघावं लागलं.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना वेगळीच चिंता लागली. त्या म्हणाल्या, "अहो, बिलाचे नंबर!" जीएसटीच्या नियमांप्रमाणे प्रत्येक टॅक्स इनव्हॉइसला सलग क्रमांक लागतो. तो १६ अक्षरांच्या आत बसवावा लागतो आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही. डेटाबेस काल रात्रीच्या स्थितीला गेला की क्रमांक लावणारं यंत्रही मागे जातं. सकाळी एका ग्राहकाला दिलेला नंबर संध्याकाळी दुसऱ्याला गेला असता. शिवाय हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. म्हणजे सहा वर्षं. आणि वेबसाइटवरचा गणपती ऑफरचा बॅनर अनंत चतुर्दशीनंतर कुणाला नको असतो.

इथे मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ दिसलं. सर्व्हरचा वेग किंवा सुरक्षितता या गोष्टी खऱ्याच आहेत, पण त्या नंतरच्या. वेबसाइट आणि पोर्टल यांचा बदलण्याचा वेग वेगळा आहे. वेबसाइट जे अजून ग्राहक झालेले नाहीत त्यांच्यासाठी असते. ती आयपीएलला एक रूप घेते, दहावीच्या निकालाला दुसरं, दिवाळीला तिसरं. ती सतत हलवली नाही तर शिळी दिसते. पोर्टल जे आधीच ग्राहक आहेत त्यांच्यासाठी असतं. त्यांना ते गेल्या महिन्यात जिथे होतं तिथेच, तसंच हवं असतं. बटण उजवीकडून डावीकडे नेलं तरी ऑफिसचा फोन वाजतो. जाहिरातीच्या मुलाचं म्हणणं असायचं की आजचा बॅनर आजच लागला पाहिजे. ताईंचं म्हणणं असायचं की एक ते दहा तारखेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. एकाच घरात ठेवल्यामुळे दर महिन्याला त्यांच्यात खटके उडत आणि निवाडा करायला मला फोन येई.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरी गोष्ट झाली. वर्डप्रेसचं 'फाइल मॅनेजर' नावाचं एक प्लगइन आहे. त्या वेळी ते सात लाखांहून जास्त साइट्सवर होतं. त्यात असं भोक सापडलं की लॉगिन न करता कुणीही सर्व्हरवर हवी ती फाइल चढवून चालवू शकत होता. दुरुस्त आवृत्ती १ सप्टेंबरला आली, पण तोवर हल्ले सुरू झालेले होते. आमच्या साइटवर ते प्लगइन होतं, फोटो चढवायला सोयीचं म्हणून घेतलेलं. बातमी वाचली तसं मी ते काढून टाकलं. नंतर सर्व्हरचा लॉग बघितला तर त्या प्लगइनमधल्या नेमक्या फाइलचा पत्ता विचारणाऱ्या परक्या विनंत्यांची रांग लागलेली होती. ती फाइल आता तिथे नव्हती म्हणून त्या रिकाम्या हाताने परत जात होत्या.

दादांना यात समजावण्यासारखं एकच होतं. होस्टिंगच्या एका खात्यातल्या सगळ्या फोल्डरांवर एकाच वापरकर्त्याची सत्ता चालते. बॅनरच्या बाजूने आत शिरलेला माणूस शेजारच्या फोल्डरमधली बिलिंगची सेटिंगची फाइल उघडू शकतो, आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असतो. ब्राउझरच्या बाजूनेही तेच. ब्राउझर दोन पानं एकाच घरातली आहेत की नाहीत हे प्रोटोकॉल, होस्टचं नाव आणि पोर्ट या तीन गोष्टींवरून ठरवतो. त्यापुढे तिरप्या रेघेनंतर कुठलं फोल्डर आहे याला तो किंमत देत नाही. वेबसाइटच्या एखाद्या पानात घुसलेली स्क्रिप्ट बिलाच्या पानातही हात घालू शकते. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे शोकेस पुसणाऱ्या पोराकडे गल्ल्याची किल्ली आहे म्हणतोस." त्यानंतर खर्चाला मंजुरी मिळायला वेळ लागला नाही. खर्चही फार नव्हता. पोर्टलसाठी घेतलेल्या छोट्या सर्व्हरचं महिन्याचं भाडं दोन-तीन ग्राहकांच्या बिलात निघतं.

पहिला वाद नावावरून झाला. पोर्टलला अगदी नवं, स्वतंत्र नाव घ्यायचं की कंपनीच्याच नावाआधी एक शब्द जोडायचा? वेगळेपणा हवाच असेल तर पूर्ण वेगळं नाव जास्त मजबूत, हे खरं. ब्राउझरमधल्या कुकीज आडनाव एक असलेल्या साइट्समध्ये इकडून तिकडे जाऊ शकतात. गिटहबने २०१३ मध्ये वापरकर्त्यांनी बनवलेली पानं आपल्या मुख्य नावाखालून काढून वेगळ्या डोमेनवर नेली, त्यामागे हेच कारण होतं. पण तिथे पानं परक्यांनी लिहिलेली होती. आमच्याकडे दोन्ही घरं आमचीच. आणि ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर नवं नाव म्हणजे नवा संशय. महावितरणचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. त्यांची मुख्य साइट महाडिस्कॉमच्या नावाने आहे आणि ग्राहकांचं पोर्टल त्याच नावाआधी डब्ल्यूएसएस ही अक्षरं लावून वेगळ्या पत्त्यावर. बिल भरणाऱ्याला आडनाव ओळखीचं दिसतं. आम्ही तोच मार्ग धरला, आणि लॉगिनची कुकी त्या एका होस्टपुरतीच राहील, मुख्य साइटकडे जाणार नाही, अशी बांधून टाकली.

पुढच्याच वर्षी या निर्णयाचा उपयोग दिसला. २०२२ मध्ये वीज ग्राहकांना "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असे खोटे मेसेज येऊ लागले, महावितरणला लोकांना सावध करावं लागलं, आणि गावागावात लोक कुठल्याही बिलाच्या लिंककडे संशयाने बघायला लागले. आमच्याही ग्राहकांचे फोन आले: हा मेसेज तुमचाच का? फोनवरच्या दोघींना मी एकच वाक्य शिकवलं होतं. पत्त्यात सुरुवातीचं https:// सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा, तिच्या लगेच आधी आपल्या कंपनीचं नाव असेल तरच आपला. नवं नाव घेतलं असतं तर हे वाक्य सांगता आलं नसतं.

प्रत्यक्ष हलवण्याआधी आम्ही सगळे ऑफिसमध्ये बसलो. पोर्टलच्या पत्त्यावर कोण कोण अवलंबून आहे याची यादी करायची होती. मला वाटलं होतं ती यादी मीच सांगेन आणि बाकीचे माना डोलावतील. पण सगळ्यात मोलाचा प्रश्न नेटवर्कच्या मुलाने विचारला: "ज्याची मुदत संपली आहे त्याला नवं पोर्टल दिसेल का?"

हा प्रश्न इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाच पडू शकतो. मुदत संपली की ग्राहकाचं नेट बंद होतं, पण पूर्ण बंद करून चालत नाही. बिल भरायचं पान तरी उघडलं पाहिजे, नाहीतर तो भरणार कसा? म्हणून राउटरमध्ये एक छोटी यादी असते: मुदत संपलेल्यालाही इतक्या पत्त्यांवर जाऊ द्यावं. त्या यादीत जुन्या सर्व्हरचा आयपी होता. पोर्टल नव्या सर्व्हरवर गेलं असतं आणि ही यादी तशीच राहिली असती, तर ज्यांनी पैसे भरलेले आहेत त्यांना पोर्टल छान दिसलं असतं आणि ज्यांच्याकडून पैसे यायचे आहेत त्यांनाच दिसलं नसतं. माझ्या मोबाइलवरून, माझ्या घरून कितीही तपासलं असतं तरी हे कळलं नसतं. म्हणून त्या मुलाने एक चाचणीचं कनेक्शन मुद्दाम मुदत संपवून ठेवलं आणि पुढची प्रत्येक गोष्ट आम्ही त्यावरून बघितली.

याच यादीशी जोडलेली आणखी एक जुनी अडचणही सुटली. मुख्य साइट जलद व्हावी म्हणून ती क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेमागे ठेवावी असं जाहिरातीचा मुलगा कधीपासून म्हणत होता. ते करता येत नव्हतं, कारण अशा सेवेचे आयपी हजारो साइट्स मिळून वापरतात. तो आयपी यादीत टाकला की मुदत संपलेल्या ग्राहकाला आमच्या बिलाबरोबर बाकीच्या असंख्य साइट्सही फुकट उघडल्या असत्या. पोर्टल वेगळं होऊन स्वतःच्या ठरलेल्या आयपीवर गेलं आणि मुख्य साइट मोकळी झाली. आता ती कुठेही, कशाही मागे ठेवता येते.

पोर्टलच्या पत्त्यावर अवलंबून असलेली दुसरी जागा पेमेंट गेटवेची. ग्राहक पैसे भरतो तेव्हा गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो: अमक्या बिलाचे पैसे आले. त्या निरोपावर पोर्टल बिल भरल्याची नोंद करतं, आणि ग्राहकाचं कनेक्शन चालू-बंद करणाऱ्या रेडियस सर्व्हरला सांगतं की याला सोडा. आमच्या धंद्यातली सगळ्यात जास्त शिव्या खाणारी तक्रार म्हणजे "पैसे कट झाले, नेट चालू नाही". ती बहुतेक वेळा हा निरोप वाटेत अडकल्यामुळे येते. माणूस जुन्या पत्त्यावर आला तर त्याला नव्या पत्त्याकडे वळवता येतं, ब्राउझर आपोआप जातो. गेटवे बहुधा असा वळत नाही. त्याला "मिळालं" असं सरळ उत्तर लागतं, नाहीतर तो निरोप पोचला नाही असं धरतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून जुन्या पत्त्यावर निरोप घेणारी ती एक खिडकी आम्ही बंद केली नाही. आलेला निरोप ती आतल्या आत नव्या सर्व्हरकडे पोचवत राहिली. गेटवेकडे नवा पत्ता नोंदवून त्यांची मंजुरी येईपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस ती चालू होती.

तिसरी जागा एसएमएसची, आणि हिने सगळ्यात जास्त दम काढला. मार्च २०२१ पासून ट्रायच्या नियमांची अंमलबजावणी कडक झाली होती. कंपनीने पाठवायच्या प्रत्येक मेसेजचा मजकूर डीएलटी नावाच्या व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो आणि मंजूर साच्याशी न जुळणारा मेसेज पुढे जात नाही. त्या महिन्यात देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते, इतकी ती चाळणी बारीक होती. पोर्टलचा पत्ता बदलला म्हणजे बिल तयार झाल्याचा, मुदत संपत आल्याचा, पैसे मिळाल्याचा, असे सगळे साचे पुन्हा मंजूर करून घेणं आलं. सर्व्हर हलवणं एका रात्रीचं काम होतं. साचे मंजूर व्हायला लागलेल्या वेळेवर आमचा हात नव्हता, म्हणून तारीख त्यांच्यावरून ठरली. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधल्या लिंकही आधी नोंदवाव्या लागतात असा नियम आला. पत्ता एकच आणि कायमचा ठेवल्याचा तेव्हा फायदा झाला.

तारीख निवडली ती महिन्याच्या मधली, सणवार नसलेली. दोन दिवस आधी डीएनएसमधल्या नोंदीचं आयुष्य एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणलं, म्हणजे काही बिनसलं तर परत फिरणं पाच मिनिटांचं राहील. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, फुकटचं, ९० दिवसांचं आणि आपोआप नवं होणारं. रात्री पोर्टल थोडा वेळ बंद ठेवून डेटाबेसमधले बिलिंगचे तक्ते नव्या सर्व्हरवर नेले. ताई घरून जाग्या होत्या. त्यांनी जुन्या आणि नव्या बाजूची येणे बाकी, शेवटचा इनव्हॉइस क्रमांक आणि त्या दिवसाची जमा ताळून बघितली आणि "जुळलं" असा मेसेज पाठवला. तो आल्यावरच नवा पत्ता उघडला.

दुसऱ्या दिवशी जे फोन आले ते यंत्राबद्दल नव्हते. पत्ता बदलल्यामुळे बऱ्याच मोबाइलवर साठवलेला पासवर्ड आपोआप भरला गेला नाही, आणि मग कळलं की आपला पासवर्ड कुणालाच माहीत नाही. कुणाचा मुलाने पुण्याला जाण्याआधी टाकून दिलेला, कुणाचा लाइनमननेच कनेक्शन जोडताना भरलेला. फोनवरच्या दोघींनी तो दिवस निभावला. त्यानंतर मोबाइल नंबर आणि ओटीपीने आत जायची सोय केली, आणि पासवर्ड विसरल्याच्या तक्रारी जवळजवळ संपल्या. राउटरवर चिकटवलेल्या स्टिकरांवर आणि जुन्या पावतीपुस्तकांवर अजून जुना पत्ता आहे. तो उघडला की माणूस नव्या जागी जातो. ही वळणाची पाटी मी कधी काढणार नाही. गावाकडे स्टिकर सर्व्हरपेक्षा जास्त टिकतो.

वेगळं केल्यावर जे पुन्हा जोडावं लागलं ते दरपत्रक. मुख्य साइटवर प्लॅनचे दर जाहिरातीचा मुलगा हाताने लिहायचा, पोर्टलमध्ये ताई भरायच्या. पूर्वीही फरक पडायचा, पण एकाच घरात असल्यामुळे तो खपून जायचा. आता दोन घरं झाल्यावर तो उघडा पडला. साइटवर मोठ्या अक्षरात ५९९ आणि पोर्टलवर १८ टक्के जीएसटी धरून ७०६ रुपये ८२ पैसे, हे बघून ग्राहक भांडायला यायचे. तेव्हा असं ठरवलं की दर फक्त पोर्टलमध्ये बदलायचे. मुख्य साइट दर काही वेळाने तिथून यादी वाचते आणि आपल्याकडे प्रत ठेवते, करासह आणि कराशिवाय दोन्ही आकडे दाखवते. पोर्टल बंद असलं तरी साइटवर शेवटची प्रत दिसते. ही वाट एकाच दिशेची आहे. साइट पोर्टलचं वाचू शकते, पण लिहू काहीच शकत नाही.

जाहिरातीच्या मुलाशी मात्र एका बाबतीत वाजलं. चॅटचा डबा, फेसबुकचा पिक्सेल, पाहुण्यांची मोजदाद करणाऱ्या स्क्रिप्ट हे सगळं त्याला पोर्टलवरही हवं होतं. बिल भरायला आलेला ग्राहक जास्तीचा प्लॅन घेईल का हे त्याला बघायचं होतं. त्याची गरज खरी होती. तरी मी अडून बसलो. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरच्या एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये २२ ओळी घुसवल्या गेल्या आणि लाखो ग्राहकांची कार्डांची माहिती बाहेर गेली. २०२० मध्ये त्यांना दोन कोटी पौंडांचा दंड झाला. आमच्या पोर्टलमध्ये कार्डाचा नंबर कधीच टाकला जात नाही, ते गेटवेच्या पानावर होतं. पण त्या पानाकडे नेणारं बटण आमचं आहे, आणि आमच्या पानात धावणारी परकी स्क्रिप्ट ते बटण कुठे न्यायचं हे बदलू शकते. शेवटी असं जमलं की त्याला हवे ते आकडे ताई महिन्याला पोर्टलच्या अहवालातून काढून देतात: कोणत्या भागात किती जणांनी वरचा प्लॅन घेतला. नावं नाहीत, नंबर नाहीत. तो कुरकुरला, पण त्याला आधीपेक्षा नेमकी माहिती मिळू लागली.

लॉगच्या बाबतीतही सोय झाली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. पूर्वीच्या एकत्र लॉगमध्ये बॅनर बघायला आलेले, भोकं हुंगत फिरणारे बॉट आणि बिल भरणारे असे सगळे मिसळलेले असत. त्यातून सहा तासांत काही शोधून काढणं अवघडच होतं. आता पोर्टलच्या लॉगमध्ये ग्राहक, ऑफिस, गेटवे आणि वसुलीला फिरणारे लाइनमन एवढेच दिसतात. अनोळखी पाऊल लगेच डोळ्यांत भरतं.

हे ऐकून कुणी म्हणतं, आमचंही वेगळं करून द्या. मी प्रत्येकाला हो म्हणत नाही. कराडच्या एका क्लासचालकांना ग्राहक-पोर्टल हवं होतं. त्यांचे विद्यार्थी मोजके, फी वर्षातून दोनदा. त्यांना मी गेटवेची पेमेंट लिंक पुरेशी आहे असं सांगितलं. पैशांची नोंद आधीच गेटवेच्या घरी होते, त्यांच्या साइटवर जपण्यासारखं काही उरतच नाही. वेगळं करायला आधी दोन गोष्टी असाव्या लागतात. आणि प्रत्येक जास्तीचा सर्व्हर म्हणजे अपडेट करायचं, बॅकअप तपासायचं आणि रात्री-अपरात्री उठायचं एक जास्तीचं कारण.

कुणाला खरंच गरज आहे हे ओळखायला मी आता एकच प्रश्न विचारतो: आत्ता कालच्या रात्रीची प्रत टाकली, तर आजच्या दिवसातलं काय जाईल, आणि कुणाचं? आपलीच मेहनत जात असेल तर एकत्र राहू द्या. ग्राहकाने दिलेले पैसे किंवा कागद जात असतील तर वेगळं करा. गेल्या वर्षी दादांना नव्या कनेक्शनचं डिपॉझिट आणि आधार कार्डाचा फोटो ऑनलाइन घ्यायचा होता. ते कुठे ठेवायचं यावर बैठक बसलीच नाही. जाहिरातीच्या मुलाने मुख्य साइटवर फक्त एक बटण केलं आणि ते पोर्टलकडे नेऊन सोडलं. बटणाचा रंग त्याने त्यानंतर कितीतरी वेळा बदलला आहे. त्यासाठी ताईंना विचारावं लागत नाही, आणि मला फोन येत नाही.